ओस्वाल्ड बोल्के: हवाई लढाईचे आठ नियम लिहिणारा पायलट

मोबाईलवर फायटर प्लेनचा एखादा गेम खेळला असाल, तर काही गोष्टी तुम्हाला कोणी न शिकवताच कळल्या असतील. समोरच्याच्या शेपटीमागे जायचं. उंचीवरून खाली झेपावायचं. लांबून गोळ्या वाया घालवायच्या नाहीत. आणि टीममध्ये खेळत असाल तर सगळ्यांनी मिळून एकाच विमानामागे धावायचं नाही.

या गोष्टी आज 'कॉमन सेन्स' वाटतात. पण कोणीतरी त्या पहिल्यांदा नीट विचार करून कागदावर उतरवल्या होत्या. साल होतं १९१६. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम साडेबारा वर्षं झाली होती. पहिलं महायुद्ध सुरू होतं, विमानं लाकडाची आणि कापडाची होती, आणि ते नियम लिहिणारा जर्मन पायलट फक्त २५ वर्षांचा होता. त्याचं नाव ओस्वाल्ड बोल्के.

'रेड बॅरन' म्हणजे मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. बोल्के हा त्याचा गुरू. त्याने लिहिलेल्या आठ नियमांपैकी शेवटचा नियम आणि त्याचा स्वतःचा मृत्यू यांचा फार जवळचा संबंध आहे. तो समजून घ्यायचा तर त्या काळातलं तंत्रज्ञानही समजून घ्यावं लागेल. म्हणून आज दोन्ही एकत्र बघू.

टेलिग्राफवाला पोरगा

बोल्केचा जन्म १९ मे १८९१ चा, जर्मनीतल्या हाले शहराजवळचा. वडील शाळामास्तर. पुढे कुटुंब देसाऊ गावात राहायला गेलं. ओस्वाल्डला लहानपणापासून दम्याचा त्रास, पण तरीही खेळात पुढे. सैन्याचं वेड तर इतकं की शाळेत असतानाच त्याने घरी न सांगता थेट सम्राट कैसरला पत्र लिहिलं, मला लष्करी शाळेत घ्या म्हणून. तिकडून होकार आला, पण आईवडिलांनी नकार दिला. आधी शाळा पूर्ण कर, मग बघू.

शाळा संपल्यावर १९११ मध्ये तो सैन्यात गेला, आणि गेला कुठे तर कोब्लेंझच्या टेलिग्राफ बटालियनमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर कम्युनिकेशन विभागात. निरोप एका जागेवरून दुसऱ्या जागी वेळेत कसा पोचवायचा, हे त्याचं पहिलं शिक्षण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९१४ मध्ये तो विमान चालवायला शिकायला लागला. १५ ऑगस्ट १९१४ ला शेवटची परीक्षा पास झाला. तोवर युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. थोड्याच दिवसांत तो आघाडीवर होता. त्याचा मोठा भाऊ विल्हेल्म त्याच तुकडीत निरीक्षक होता. दोन सीटच्या विमानात ओस्वाल्ड विमान चालवायचा आणि विल्हेल्म शत्रूच्या तोफा कुठे आहेत, सैन्य कुठे हलतंय हे टिपायचा.

तेव्हा विमानाचं काम एवढंच होतं, वरून बघणं. आजचा ड्रोन कॅमेरा जे करतो ते. पण दोन्ही बाजूंचे डोळे आकाशात आले की दुसऱ्याचा डोळा फोडायची गरज निर्माण होते. सुरुवातीला पायलट एकमेकांवर पिस्तूल आणि रायफल झाडायचे. लागायचं क्वचितच. खरा प्रश्न होता मशीनगन बसवायची कुठे?

फिरत्या प्रोपेलरमधून गोळी कशी जाते?

सगळ्यात सोपी जागा म्हणजे पायलटच्या समोर, विमानाच्या नाकावर. मग नेम धरायचा म्हणजे फक्त विमान शत्रूकडे वळवायचं. अडचण एकच. नाकावर प्रोपेलर फिरतोय. गोळी सुटली तर ती स्वतःच्याच प्रोपेलरचं पातं तोडणार.

थोडं गणित करू. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर बंदुकीच्या तोंडासमोरून मिनिटाला २४०० वेळा पातं जातं. म्हणजे सेकंदाला ४० वेळा. या ४० फटींमधून गोळी पाठवायची.

फ्रेंच पायलट रोलाँ गारोसने यावर एक जुगाड केला. पात्यांच्या मागच्या बाजूला पोलादी तिरके तुकडे बसवले. ज्या गोळ्या पात्यावर आपटतील त्या बाजूला उडून जातील, बाकीच्या पुढे जातील. एप्रिल १९१५ मध्ये त्याने याच पद्धतीने विमानं पाडली, पण त्याच महिन्यात त्याला जर्मन हद्दीत उतरावं लागलं आणि विमान जर्मनांच्या हाती लागलं.

मग अँथनी फोकर या डच विमान बनवणाऱ्याच्या कारखान्यातून जास्त नीटनेटकं उत्तर आलं. इंजिनासोबत फिरणारा एक कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेली चकती. तो उंचवटा एका दांडीला ढकलणार आणि दांडी बंदुकीचा खटका ओढणार. पायलट बटण दाबतो तेव्हा तो थेट गोळी झाडत नाही. तो फक्त यंत्रणेला परवानगी देतो. प्रत्यक्ष गोळी कधी सुटायची ते प्रोपेलरची स्थिती ठरवते. पातं समोर असेल तर गोळी सुटतच नाही.

यातली गंमत बघा. 'पातं समोर असताना गोळी झाडू नका' हा नियम पायलटने पाठ करायची गरज राहिली नाही. तो नियम लोखंडात बसवला गेला. पायलट घाबरलेला असो, थकलेला असो किंवा चिडलेला असो, यंत्र ठीक चालतंय तोवर नियम पाळला जाणार.

ही यंत्रणा बसवलेलं फोकरचं एकपंखी विमान १९१५ च्या उन्हाळ्यात बोल्केच्या तुकडीत आलं. तुकडी तेव्हा व्यापलेल्या फ्रान्समधल्या दुए शहरात होती. तिथेच माक्स इमेलमान नावाचा दुसरा तरुण पायलट होता. पुढचे काही महिने या दोघांची जणू शर्यत लागली. १२ जानेवारी १९१६ ला, प्रत्येकी आठ विमानं पाडल्यावर, दोघांना एकाच दिवशी 'पूर ल मेरीत' हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. लढाऊ वैमानिकांना तो पहिल्यांदाच मिळत होता. दोघांचे फोटो पोस्टकार्डावर छापले जाऊ लागले.

याच दुएमधली ऑगस्ट १९१५ ची एक गोष्ट. बोल्के कालव्याजवळ असताना एक फ्रेंच मुलगा पाण्यात पडला. बोल्केने अंगावरच्या कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं. मुलाच्या घरच्यांची इच्छा होती की याला फ्रान्सचं पदक मिळावं. शत्रूच्या अधिकाऱ्याला ते कसं मिळणार? जीव वाचवल्याचं पदक नंतर प्रशियाने दिलं. आकाशात फ्रेंच आणि ब्रिटिश माणसं मारणारा आणि कालव्यातून फ्रेंच मूल काढणारा माणूस एकच होता. हे दोन्ही कसं जुळवायचं ते प्रत्येकाने आपापलं ठरवावं.

टेलिफोन जोडलेलं विमानतळ

१९१६ च्या सुरुवातीला व्हर्दांची भीषण लढाई सुरू झाली. जर्मन सेनापतींनी लढाऊ विमानांना काम दिलं गस्त घालण्याचं. ठरलेल्या पट्ट्यात येरझाऱ्या घाला, शत्रू आला तर अडवा. बोल्केला हे पटलं नाही. आकाश प्रचंड मोठं आणि विमानं मोजकी. नुसतं फिरत राहिलं की पेट्रोल संपतं, पायलट थकतो आणि शत्रू भलतीकडूनच जातो.

त्याने परवानगी काढून सिव्री गावाजवळ, आघाडीपासून सुमारे ११ किलोमीटरवर, एक छोटं मैदान तयार करून घेतलं. आघाडीवरच्या निरीक्षण चौकीपासून तिथपर्यंत टेलिफोनची तार ओढली. चौकीतल्या माणसाला शत्रूचं विमान दिसलं की तो फोन करणार आणि बोल्के लगेच उडणार.

टेलिग्राफ बटालियन आठवली ना? तुमच्या फोनमधलं मेसेजिंग ॲप दर सेकंदाला सर्व्हरला 'नवीन मेसेज आहे का?' असं विचारत बसत नाही. तसं केलं तर बॅटरी तासाभरात झोपेल. मेसेज आला की सर्व्हर नोटिफिकेशन पाठवतो आणि मग ॲप जागं होतं. बोल्केने गस्तीच्या जागी नोटिफिकेशन आणलं, १९१६ मध्ये, तांब्याच्या तारेवर.

एक पंख की दोन?

तोवर फोकरच्या एकपंखी विमानाचे दिवस भरत आले होते. ब्रिटिशांचं डीएच-२ आणि फ्रेंचांचं न्यूपोर ११ मैदानात उतरलं. ही दोन्ही बायप्लेन, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेली विमानं.

दोन पंख का? आज आपल्याला बायप्लेन जुनाट वाटतं, पण त्या काळच्या सामानात ते हुशारीचं डिझाइन होतं. लाकडी सांगाडा आणि वर कापड असा एकच लांब पंख बनवला तर तो वाकतो, पिळतो. तोच पंख दोन भागांत वाटून एकावर एक ठेवला, मध्ये खांब दिले आणि तिरक्या तारा ताणल्या, की रेल्वेच्या लोखंडी पुलासारखी चौकट तयार होते. वजन कमी, मजबुती जास्त. पंख आखूड असल्यामुळे विमान पटकन कलंडतं आणि वळतं. तोटा असा की खांब आणि तारा हवेला अडवतात, त्यामुळे वेग कमी होतो. पण इंजिनंच १०० हॉर्सपॉवरच्या आसपासची असताना हा सौदा परवडत होता.

फोकरच्या विमानात वळण्यासाठी अख्खा पंख तारांनी पिळावा लागायचा. त्याच्या तुलनेत नवी बायप्लेन चपळ होती. डीएच-२ ने तर बंदुकीचा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला होता. इंजिन आणि प्रोपेलर पायलटच्या मागे. समोर मोकळी जागा, त्यामुळे कॅम वगैरेची भानगडच नाही.

१८ जून १९१६ ला इमेलमान ब्रिटिश विमानांशी लढताना मारला गेला. ब्रिटिशांनी श्रेय आपल्या पायलटांना दिलं. जर्मनांचं म्हणणं होतं की यंत्रणा बिघडून त्याच्याच गोळ्यांनी त्याचा प्रोपेलर तोडला. कारण काहीही असो, जर्मनीचा एक हिरो गेला होता. दुसराही जाऊ नये म्हणून कैसरने बोल्केला उड्डाणबंदी केली. तेव्हा बोल्केच्या नावावर १९ विमानं होती.

आठ नियम

जमिनीवर बसवल्यामुळे बोल्के वैतागला, पण त्या वेळात त्याने आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. जर्मन हवाई दलाचा प्रमुख हेरमान टॉमसेन याच्यासाठी त्याने आपला अनुभव मोजक्या नियमांत मांडला. 'डिक्टा बोल्के' या नावाने ते ओळखले जातात. माझ्या शब्दांत सांगतो.

१. हल्ल्याआधी फायदा तुमच्याकडे घ्या. उंची घ्या आणि सूर्य पाठीशी ठेवा. सूर्याकडे बघणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

२. एकदा हल्ला सुरू केला की तो पूर्ण करा. अर्ध्यातून वळून पळालात तर तुमची शेपटी त्याच्यासमोर येते.

३. अगदी जवळ गेल्यावर आणि शत्रू नेमक्या नेमात आल्यावरच गोळी झाडा. दोन्ही विमानं हलत असतात, लांबून मारलेली गोळी बहुतेक वेळा हवेतच जाते.

४. शत्रूवरची नजर हटवू नका. तो जखमी झाल्याचं नाटक करून खाली पडल्यासारखं दाखवू शकतो.

५. हल्ला मागूनच करा. समोरून किंवा बाजूने जाणाऱ्या विमानावर नेम धरायला किती पुढे मारायचं याचा अंदाज लागतो. मागून गेलं की ती गरज जवळपास संपते.

६. शत्रू तुमच्यावर वरून झेपावला तर पळू नका, त्याच्याकडेच वळा. दोन विमानं ताशी १५० ते १७० किलोमीटरने एकमेकांकडे येत असतील तर ३०० मीटरचं अंतर साधारण साडेतीन सेकंदांत संपतं. त्याला नेम धरायला वेळच मिळत नाही.

७. शत्रूच्या हद्दीवर असाल तर परतीचा रस्ता विसरू नका.

८. चार किंवा सहाच्या गटाने हल्ला करा. आणि लढाई फुटून एकास एक सुरू झाली, की अनेकांनी मिळून एकाच शत्रूमागे लागू नका.

यातला एकही नियम अवघड नाही. पण तोवर प्रत्येक पायलट हे स्वतःच्या जिवावर शिकत होता. शिकण्याआधीच मेला तर त्याचं शिकणंही त्याच्यासोबत जायचं. बोल्केने ते पायलटच्या डोक्यातून काढून कागदावर ठेवलं, म्हणजे नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी ते वाचता येईल. ज्यांनी कधी डॉक्युमेंटेशन नसलेल्या सिस्टीमवर काम केलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

जास्टा २

त्यानंतर बोल्केला दौऱ्यावर पाठवलं गेलं. व्हिएन्ना, बल्गेरिया, तुर्कस्तान असं फिरून तो पूर्वेच्या आघाडीवर कोवेलला पोचला. तिथे त्याचा भाऊ विल्हेल्म होता. दरम्यान फ्रान्समध्ये सोमची लढाई पेटली होती आणि आकाशात जर्मनांची पीछेहाट चालली होती. बोल्केला बंदी उठवून परत बोलावलं गेलं, नवीन लढाऊ तुकडी उभी करायला. माणसं तू निवड असंही सांगितलं गेलं.

कोवेलहून त्याने दोघांना उचललं. एक होता २४ वर्षांचा, घोडदळातून आलेला मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन. दुसरा एर्विन बोमे. वय ३७, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने काकाच. बोमे आणि बोल्के यांची लवकरच घट्ट मैत्री जमली.

ऑगस्ट १९१६ मध्ये 'जास्टा २' ही तुकडी सोमच्या आघाडीवर बर्तिंकूरला उभी राहिली. गंमत म्हणजे तुकडी होती पण विमानं नव्हती. १ सप्टेंबरला तीन आली. दुसऱ्याच दिवशी बोल्के एकटा उडाला आणि ३२ नंबरच्या ब्रिटिश स्क्वाड्रनचं एक डीएच-२ पाडलं. त्याचा पायलट कॅप्टन विल्सन जिवंत हाती लागला. बोल्केने त्याला कॉफी पाजली आणि आपलं विमानतळ फिरवून दाखवलं.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. बोल्के पहाटे एकटा जायचा आणि बरेचदा बंदुकीच्या धुराने काळी झालेली हनुवटी घेऊन परत यायचा. बाकीचे जमिनीवर शिकायचे. शत्रूचं कोणतं विमान कुठे आंधळं असतं, बंदूक अडकली तर काय करायचं, एकत्र कसं उडायचं. विमान हातात येईपर्यंत कोणी हिरोगिरी करायची नाही. जुनी फोकर विमानं असतानाची एकट्याची शिकार आता संपली होती, यापुढे टीम.

१६ सप्टेंबरला नवी विमानं आली. अल्बाट्रॉस डी-१ आणि डी-२.

अल्बाट्रॉसमध्ये वेगळं काय होतं?

हेही बायप्लेनच. पण सांगाड्यावर कापड ताणण्याऐवजी धड प्लायवूडच्या पत्र्यांनी बनवलेलं. म्हणजे वरची कातडीच वजन पेलते, आजच्या कारच्या मोनोकॉक बॉडीसारखं. मजबूत आणि हवेतून सहज सरकणारं. पुढे १६० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं मर्सिडीज इंजिन. आणि त्या ताकदीच्या जोरावर एकाऐवजी दोन मशीनगन, दोन्ही प्रोपेलरशी जुळवलेल्या. समोरच्या डीएच-२ मध्ये १०० हॉर्सपॉवर आणि एकच लुईस गन.

डी-१ मध्ये एक त्रुटी होती. वरचा पंख पायलटच्या डोळ्यांसमोर यायचा. म्हणून डी-२ मध्ये तो खाली आणला. समोरचं दिसणं सुधारलं, तरी कोणत्याही बायप्लेनमध्ये पंखांमुळे काही दिशा झाकलेल्या राहणारच. हा तपशीलही लक्षात ठेवा.

डीएच-२ अल्बाट्रॉसपेक्षा आखूड वळायचं. म्हणून त्याच्याबरोबर गोल गोल फिरण्यात शहाणपण नव्हतं. वरून झेपावा, जवळून मारा, वेगाच्या जोरावर पुन्हा वर जा. गेममध्ये याला 'बूम अँड झूम' म्हणतात. बोल्केचा पहिला नियम आणि अल्बाट्रॉसचं इंजिन एकमेकांना अगदी फिट बसले.

१७ सप्टेंबरला तुकडी पहिल्यांदा एकत्र उडाली. त्या दिवशी रिश्टहोफेनने त्याचं पहिलं विमान पाडलं. त्यातले दोन्ही ब्रिटिश तरुण मेले. पुढच्या आठवड्यांत सोमवरचं पारडं फिरलं. बोल्केने एकट्याने सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून २१ विमानं पाडली. २६ ऑक्टोबरला त्याचा आकडा ४० झाला. त्या वेळी जगात कोणाचाच इतका नव्हता.

आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नये. १९१६ मध्ये विमानाच्या पायलटकडे पॅराशूट नसायचं. या ४० मधली काही माणसं विल्सनसारखी वाचली, बरीच नाही वाचली. बोल्के वाचलेल्यांना भेटायला इस्पितळात जायचा. पण काम त्याने थांबवलं नाही.

२८ ऑक्टोबर १९१६

त्या दिवशी बोल्के पाच वेळा उडून आला होता. दुपारी पुन्हा बोलावणं आलं आणि तो सहाव्यांदा निघाला. सोबत रिश्टहोफेन, बोमे आणि आणखी तिघे. समोर २४ नंबरच्या ब्रिटिश स्क्वाड्रनची दोन डीएच-२. एकात नाइट नावाचा पायलट, दुसऱ्यात मॅके.

सहा विरुद्ध दोन. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हीच अवघड परिस्थिती आहे. लक्ष्य दोन आणि त्यांच्यामागे सहा जण, म्हणजे एका लक्ष्यामागे एकापेक्षा जास्त जण येणारच. आठवा नियम नेमका याच वेळेसाठी होता.

बोल्के आणि बोमे दोघं नाइटच्या मागे लागले. रिश्टहोफेन मॅकेच्या मागे. त्याला चुकवताना मॅके अचानक बोल्के आणि बोमेच्या समोरून आडवा गेला. धडक टाळायला दोघांनीही विमान वळवलं. पंखांच्या आड दोघं एकमेकांना दिसले नाहीत. बोमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला घासली.

धक्का तसा हलका होता. पण कापड एकदा फाटलं की वारा ते उसवत नेतो. बोल्केने विमान सांभाळत खाली आणायचा प्रयत्न केला. ढगात शिरून बाहेर आलं तेव्हा वरचा पंख उरला नव्हता. तरीही विमान अगदी दगडासारखं पडलं नाही. बघणाऱ्यांना वाटलं होतं की यातून माणूस वाचेल. पण बोल्के हेल्मेट कधी घालायचा नाही, आणि त्या दिवशी त्याचा पट्टाही नीट बांधलेला नव्हता. तो जागीच गेला. वय २५.

नियम कागदावर आणि नियम यंत्रात

याला बोल्केची चूक म्हणून सोडून देणं सोपं आहे. स्वतः नियम लिहिला आणि स्वतःच मोडला. पण जरा विचार करा. त्या क्षणी बोमेला सांगायचं असतं की याला मी घेतो, तू बाजूला हो, तर सांगणार कसं? लढाऊ विमानांत रेडिओ नव्हते. हाताने खूण करायची किंवा पंख हलवायचे, तेही दुसऱ्याने बघितलं तर. ताशी १५० किलोमीटरच्या गुंत्यात, पंखांच्या आड, दिवसातल्या सहाव्या उड्डाणात.

प्रोपेलरचा नियम कॅमने पाळला. तिथे माणसाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नव्हतं. आठवा नियम पाळायला असं कुठलंही यंत्र नव्हतं. तो पूर्णपणे थकलेल्या माणसांच्या भानावर सोडलेला होता. दोन पायलट, एक लक्ष्य, आणि कोणी घेतलंय हे सांगणारी कुठलीच व्यवस्था नाही. दोन प्रोसेस एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहायला गेल्या की काय होतं हे प्रोग्रामर लोकांना माहीत आहे. म्हणूनच आपण तिथे लॉक लावतो, 'जरा जपून लिहा' अशी सूचना देऊन थांबत नाही.

ज्याने टेलिफोनची तार विमानतळापर्यंत ओढली, त्याला हीच तार पुढे विमानापर्यंत नेता आली नाही. ते तंत्रज्ञान यायला अजून वेळ होता. विमानातला रेडिओ आला आणि पुढे कित्येक दशकांनी डेटालिंक आला. आज फायटरच्या स्क्रीनवर आपला साथीदार कुठे आहे आणि त्याने कोणतं लक्ष्य घेतलंय हे दिसू शकतं. आठवा नियम यंत्रात बसायला इतका काळ लागला.

त्यानंतर

ब्रिटिशांनी जर्मन हद्दीत विमानातून पुष्पचक्र टाकलं, शूर आणि दिलदार शत्रूला आदरांजली म्हणून. कैदेत असलेल्या कॅप्टन विल्सनने आणि त्याच्या सोबत्यांनीही पुष्पचक्र पाठवलं. कांब्रेच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला आणि देसाऊला दफन.

एर्विन बोमे या धक्क्यातून कधी पूर्ण बाहेर आला नाही. त्याच्या पत्रांतून ते दिसतं. तरी तो उडत राहिला, पुढे याच तुकडीचा प्रमुख झाला आणि २९ नोव्हेंबर १९१७ ला मारला गेला. नाइटला २० डिसेंबर १९१६ ला रिश्टहोफेननेच पाडलं. ८० विमानं पाडलेला रिश्टहोफेन एप्रिल १९१८ मध्ये ब्रिटिश हद्दीवर खूप खालून एका विमानाचा पाठलाग करताना गेला. सातवा नियम परतीच्या रस्त्याबद्दल होता.

डिसेंबर १९१६ मध्ये जास्टा २ चं नाव 'जास्टा बोल्के' झालं. आजच्या जर्मन हवाई दलातही नोर्फेनिश तळावरच्या तुकडीला त्याचं नाव आहे. तिथे आता युरोफायटर उडतात. त्या तुकडीतला पायलट निघताना पट्टा बांधतो, हेल्मेट चढवतो, आणि त्याचा साथीदार कुठे आहे ते त्याला स्क्रीनवर दिसतं.